पोथीपुढची जागा

समोरच्या बिल्डिंगमधल्या मास्तरीणबाईंचं आणि माझं कधी जमलं नाही. ते लपवायचं वय आता माझं राहिलेलं नाही आणि त्यांचंही नाही. त्या शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मी मखमलाबादकडच्या मळ्यातली. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पुढचं वाचायला मी शिकले ते भाजीच्या जुड्या बांधताना, रद्दीच्या पेपरवर. जुडी बांधायची आणि कागद गुंडाळायच्या आधी त्यावरचं वाचून घ्यायचं. त्यामुळं मला कितीतरी बातम्यांची सुरुवात माहीत असायची, शेवट नाही.

आमच्या कॉलनीत मोकळ्या जागेवर गणपतीचं देऊळ आहे आणि देवळापुढं पत्र्याचा सभामंडप. तिथं श्रावणभर दुपारी चार वाजता बायका जमतात आणि एक बाई पोथी वाचते. गेली अकरा वर्षं ती बाई मी. आता एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक, असं तुम्हाला वाटेल. पण बघा, घरात मोबाईल कसा लावायचा ते मला नात सांगते, बँकेतला फॉर्म सून भरते, डॉक्टर माझं दुखणं मुलाला विचारतो. सगळीकडं मी ऐकणारी. श्रावणात चार वाजले की चाळीस बायका गप्प बसतात आणि मी बोलते. अर्थ सांगते, मधेच मळ्यातला एखादा दाखला देते, बायका हसतात. त्या एका महिन्यावर मी बाकीचे अकरा महिने काढते.

पोथी वाचणाऱ्या बाईनं खाली आसनावर बसायचं. पुढं चौरंगावर पोथी, डाव्या हाताला देवाचा ओटा, उजव्या हाताला समई. ओटा गुडघाभर उंच. खुर्चीवर बसलं तर वाचणारी पोथीच्या वर जाते आणि देवाच्याही वर. माझी आई तर पोथी लागली की घरातल्या म्हाताऱ्यांनाही बाजेवर बसू देत नव्हती.

आणि मागच्या श्रावणात, शेवटच्या आठवड्यात, वाचून झालं आणि माझे गुडघे उघडेनात. दोन बायकांनी काखेत हात घालून मला कांद्याची गोणी उचलावी तशी उचलली. एकीच्या हातातून माझा पदर निसटला. सगळ्यांनी पाहिलं. मास्तरीणबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

"वहिनी, पुढच्या वर्षी तुम्ही आराम करा. मी वाचीन."

"खुर्चीवर बसून वाचेन की मी."

"म्हणजे पोथी खाली आणि तुम्ही वर?"

"पोथी टेबलावर ठेवू मग."

"आणि देवाला कशावर ठेवायचं, स्टुलावर?"

बायका हसल्या. मनातून मला त्यांचं पटत होतं. याचाच मला जास्त राग आला. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी जागा सोडलीही असती कदाचित. त्यांना सोडणार नव्हते.

होळी झाली आणि सभामंडपाच्या खांबावर कागद लागला: सांधे आखडलेल्यांसाठी सोपा योग, रोज सकाळी सात. मी घरात कुणाला न सांगता पहिल्या दिवशी पावणेसातला जाऊन उभी राहिले. श्रावणाला मधे चांगले चार महिने होते. मांडी घालून बसायचं, तासभर वाचायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं, एवढं जमलं की झालं.

शिकवणारी मुलगी मूळची मनमाडची, वडील रेल्वेत. तेव्हा वेळेच्या बाबतीत एकदम काटेकोर. अंगात घट्ट पँट आणि टी-शर्ट, केस वर बांधलेले. आम्ही नऊ जण. त्यात अंबडच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक काका होते. त्यांची मान अशी आखडलेली की कुणी हाक मारली तर ते पायांपासून सगळे वळायचे.

मुलीनं आम्हा सगळ्यांना लाल प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि म्हणाली, बसा.

म्हटलं, "अगं, मला खाली बसायला शिकायचंय."

"काकू, आधी घोटे फिरवा."

पंधरा दिवस घोटे फिरवले. मग पंधरा दिवस खुर्चीत बसून एक पाय उचला, खाली ठेवा, दुसरा उचला. मग उभं राहून खुर्चीच्या पाठीला धरा आणि अर्धं बसा. अर्धं. मला त्या पोरीचा इतका संताप यायचा की काय सांगू. खुर्ची सोडायला आलेल्या बाईला तिनं खुर्चीला बांधून ठेवलं होतं. एक दिवस मी बोललेच.

"माझी आई ऐंशीव्या वर्षी वाफ्यात उकिडवी बसून पालक कापत होती. तिनं कधी घोटे फिरवले नाहीत."

"रोज उकिडव्या बसत होत्या म्हणून फिरवायची वेळ आली नाही त्यांच्यावर," ती म्हणाली. "तुम्ही उकिडवं बसणं कधी सोडलंत?"

कॉलनीत राहायला आले तेव्हा. स्वयंपाकाला उभा ओटा, संडास कमोडचा, जेवण टेबलावर. पण हे मी तिला सांगितलं नाही. काका मात्र तोंड फिरवून हसले, म्हणजे खांद्यासकट फिरून.

इकडं मास्तरीणबाई स्वस्थ बसल्या नव्हत्या. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिहिलं की देवापुढं पाय पसरून व्यायाम चालतो, हे शोभत नाही. सेक्रेटरी आले. आम्ही खुर्च्या उलट्या केल्या. तर दुसऱ्या दिवशी मेसेज, की आता देवाकडं पाठ करून बसतात. मग आम्ही आडवे बसलो, पार्किंगच्या बाजूला तोंड करून. तिथं तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाची दोरी होती. दोन महिने आम्ही नऊ माणसं रोज सकाळी कुणाच्या तरी चड्ड्या आणि टॉवेल बघत श्वास आत घेत होतो, बाहेर सोडत होतो. तरी तिसरा मेसेज आलाच, शिकवणाऱ्या मुलीच्या कपड्यांवर. तो वाचूनही पोरगी दुसऱ्या दिवशी तसल्याच पँटीत आली, फक्त पाच मिनिटं आधी. त्या दिवशी ती मला पहिल्यांदा जरा बरी वाटली. जराच.

पण घाई माझी होती, तिची नव्हती. आषाढ लागला आणि मी अजून अर्धीच बसत होते. एका दुपारी सून कामावर, नात कॉलेजात. भावानं मळ्यातून मेथीच्या चार जुड्या पाठवल्या होत्या. म्हटलं, बघू या. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली गेले आणि मांडी घातली. उजवा पाय थोडा वर राहिला, पण मांडी ती मांडी. मला इतका आनंद झाला की मी तिथंच बसून मेथी निवडायला घेतली, पोथी वाचल्यासारखी ताठ.

मेथी संपली आणि मी उठायला गेले. पाय जागचे हलेनात. चौकट हाताला येईना, कारण बसता बसता मी पुढं सरकले होते. मोबाईल ओट्यावर. म्हटलं, सून साडेपाचला येईल, तोवर बसू. घड्याळात साडेतीन.

आणि दार वाजलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मास्तरीणबाई आत आल्या. वर्गणीचं काहीतरी विचारायला आल्या होत्या म्हणे. मला खाली मांडी घालून बसलेली पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदललेला मला दिसला. काय सांगू, गुडघ्यात सुया टोचत होत्या, पण बरं वाटलं.

"अरे वा, खाली बसलात," त्या म्हणाल्या.

"मी काय, रोजच बसते. या ना, बसा."

चुकलंच माझं. त्या बसल्या, सोफ्यावर, आणि बसूनच राहिल्या. म्हणाल्या, चहा नाही का विचारणार.

म्हटलं, "दूध नासलंय."

"कोरा चालेल."

"गॅस संपलाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी निवडलेली मेथी परत निवडायला घेतली. एकेक पान. त्यांना सगळं कळलेलं होतं आणि त्यांना कळलंय हे मला कळलेलं होतं. तरी दोघी बोलत राहिलो, पाऊस किती झाला, गंगापूर धरण किती भरलं, कुणाच्या सुनेला काय झालं. मधे त्या म्हणाल्या, "पाणी तरी द्या." मी म्हटलं, "माठ तुमच्या मागंच आहे, घ्या की हातानं, परक्या आहात का." त्यांनी पाणी घेतलं नाही. पाच वाजले, सव्वापाच झाले. बाई हलेना. शेवटी सून आली, मला पाहिलं आणि दारातूनच ओरडली, "आई, खाली कशाला बसलात, आता उठणार कशा?"

मास्तरीणबाई उठल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला, येते. वर्गणीचं नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी योगाच्या मुलीला माझं चालणं बघूनच कळलं. क्लास झाल्यावर तिनं मला थांबवलं आणि चांगली दहा मिनिटं झापली. मीही तिला सोडलं नाही. म्हटलं, चार महिने खुर्चीवर बसवून ठेवलंस, माझा श्रावण तोंडावर आला. ती म्हणाली, कसला श्रावण. तेव्हा मी सगळं सांगितलं, पोथी, ओटा, मास्तरीणबाई, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं काकू. खाली काय, कुणीही जातं. तुम्हाला आधी उठायला शिकवलं असतं."

आणि तिनं उठायला शिकवलं. मागं खुर्ची ठेवायची. मांडी सोडून एका कुशीवर कलायचं, दोन्ही हात जमिनीवर, मग ओणवं होऊन खुर्चीकडं वळायचं. कोपर खुर्चीवर टेकायचे, एक पाऊल पुढं, आणि जोर. दिसायला वाईट दिसतं. लहान मूल पहिल्यांदा उभं राहतं तसं, फक्त मागून फार मोठं. पहिल्या आठवड्यात मला तिनं कमरेला धरलं. दुसऱ्या आठवड्यात नुसती बाजूला उभी राहिली. तिसऱ्या आठवड्यात मी एकटी उठले आणि काकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना गप्प बसवलं, समोर खिडकीत मास्तरीणबाई असतात म्हणून.

एकच अडचण होती, ती घरी आल्यावर लक्षात आली. खुर्ची मागं. तिकडं वळायचं म्हणजे पोथीकडं पाठ. नुसती पाठ नाही, ओणवं होऊन. पोथी बंद करून, वस्त्रात गुंडाळून, उचलून देवापाशी ठेवली की मग वळायला हरकत नाही. आमच्याकडं वाचणारीनं पोथी स्वतः ओट्यावर ठेवायची नसते. ती दुसरीनं उचलून ओट्यावर ठेवायची आणि मग आरती. आणि तो मान पहिल्यापासून मास्तरीणबाईंचा. पोथीच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडंच.

म्हटलं, असेल काहीही, पोथी तर उचलतील.

श्रावणाचा पहिला दिवस. चाळीसच्या चाळीस बायका आल्या. मला वाटतं, बऱ्याच जणी पोथीपेक्षा माझे गुडघे बघायला आल्या होत्या. मागं खांबाशी योगाची मुलगी उभी होती, तसल्याच कपड्यांत, चपला बाहेर काढून. मी काही तिला बोलावलं नव्हतं. खुर्ची माझ्यामागं ठेवलेली होती. मास्तरीणबाई म्हणाल्या, "ही कशाला?" म्हटलं, "असू दे."

मी खाली बसले. कुणाचा हात न धरता. वाचलं. मेथीच्या वाफ्याचा एक दाखलाही दिला आणि बायका हसल्या. तासाभरानं पोथी मिटली, वस्त्र गुंडाळलं, हात जोडले. बायका आरतीला उभ्या राहिल्या. मी मास्तरीणबाईंकडं पाहिलं.

त्यांनी आरतीचं ताट हातात घेतलेलं. म्हणाल्या, "उठा वहिनी, आरती सुरू करायची."

"पोथी उचला तुम्ही."

"माझ्या हातात ताट आहे."

"ताट ठेवा खाली."

"निरांजनं लावलीत. तुम्ही उठा आधी, मग उचलते."

चाळीस बायका उभ्या आणि मी एकटी खाली. आरतीला बसून राहायचं, की पोथीला ढुंगण दाखवून उठायचं, हे त्या बाईनं माझ्यासाठी मोजूनमापून आणलं होतं. शाळेत मुलांना असंच उभं करत असतील. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी पुढं येईना. बायकांना मास्तरीणबाईंशी वाकडं घ्यायचं नव्हतं, आणि माझ्याशीही नव्हतं. सगळ्या समईकडं बघत होत्या.

मग मी पोथी दोन्ही हातांनी उचलली आणि मागं बघून म्हटलं, "ए पोरी, इकडं ये. ही धर."

ती बायकांमधून वाट काढत आली. हात पँटीला पुसले आणि पोथी घेतली. कशी धरायची तिला माहीत नव्हतं. तान्हं मूल धरावं तशी छातीशी धरली. म्हटलं, ओट्यावर ठेव, देवाच्या पायाशी. तिनं ठेवली. मग मी कुशीवर कलले, हात टेकले, ओणवी झाले, वळले, खुर्ची धरली आणि उठले. वेळ लागला. साडी गुडघ्यापर्यंत गेली. पण उठले.

"पँटीतल्या बाईच्या हातात पोथी दिली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुमचे हात भरलेले होते."

"आंघोळ तरी केली आहे का तिनं?"

पोरगी म्हणाली, "दोनदा. तुम्ही?"

आरती झाली, पण कशी झाली ते विचारू नका. प्रसाद घेता घेता दोन तट पडले. संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "काकू, कॉलनीच्या शांततेसाठी म्हणून या वर्षी त्यांनाच वाचू द्या." मी म्हटलं, "शांतता त्यांनी मोडली आणि भरपाई मी करायची का? उद्या चारला मी बसणार. तुम्हाला उचलून बाजूला करायचं असेल तर चार माणसं घेऊन या, मी हलकी नाही." मुलगा आतून म्हणाला, "आई, सोड ना." त्या रात्री मी मुलाशीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर कपाटाला कुलूप. मी घरी परत आले, देव्हाऱ्यातली माझी पोथी घेतली, तेलाचे डाग पडलेली, दोन पानं सुटी झालेली, आणि जाऊन बसले. अकरा जणी आल्या. त्यातल्या पाच आमच्या आखडलेल्या क्लासमधल्या, मागं खुर्च्यांवर. ऐकणाऱ्यांनी खुर्चीवर बसावं की नाही यावर अजून कुणी मेसेज टाकला नव्हता. काका बाहेर पायरीवर बसले.

सव्वाचार वाजता मास्तरीणबाई आल्या. मला वाटलं, भांडायला. त्या सरळ पुढं आल्या आणि अगदी चौरंगापुढं बसल्या, मांडी घालून. त्यांचे गुडघे छान आहेत, तेही मला बघवत नाही. मी पुढची ओवी वाचली.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या. "चुकीचं तोडलंत."

मी पुन्हा वाचली. बरोबर तोडून. दोन ओळींनी परत, "पुन्हा." अख्खा तास हे चाललं. घरी येऊन मी त्याच दिवशी दुसऱ्या दिवसाचा अध्याय चार वेळा मोठ्यांदा वाचून काढला. दुसऱ्या दिवशी सहा ठिकाणी अडवलं. तिसऱ्या दिवशी चार.

त्या 'पुन्हा, पुन्हा'च्या पहिल्या दिवशी तास संपून आरतीची वेळ झाली तेव्हा योगाची मुलगी नव्हती, तिचा संध्याकाळचा दुसरा क्लास असतो. मी पोथी मिटली, गुंडाळली आणि वाट बघितली. कुणीच हलेना. मग मी पोथी चौरंगावर तशीच ठेवली, एका हातावर कलले आणि वळायला लागले. म्हटलं, देवा, माफ कर, तू तरी पाहतोयस कोण अडवतंय ते.

"थांबा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, माझी ती डागाळलेली पोथी दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि ओट्यावर ठेवली.

"पोथीसाठी उचलली," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "सरका जरा, मला वळायचंय."

महिनाभर तसंच चाललं. त्या रोज उचलायच्या आणि मी रोज वळून उठायचे. हात त्यांनी एकदाही पुढं केला नाही. केला असता तर मी धरला नसता.